वाचक विचारतात: डिफेन्सचं ड्रॉइंग उघडायला जेसीपी कसं काढायचं?

प्रश्न: नमस्कार. मी ओहायोत छोटं सीएनसी मशीन शॉप चालवतो, आम्ही सगळे मिळून आठ माणसं. ऑटोचं काम कमी झालं म्हणून डीएलएच्या, म्हणजे मिलिटरीला सामान पुरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डिब्ज साइटवर टेंडरं बघायला लागलो. बुशिंग, पिन, ब्रॅकेट अशी आपल्याला जमणारी कामं बरीच दिसतात, पण ड्रॉइंग उघडायला गेलं की जेसीपी सर्टिफिकेट मागतात. एक कन्सल्टंट ते काढून द्यायचे भरपूर डॉलर सांगतोय. माझं ग्रीन कार्ड आहे, सिटिझन अजून नाही. मला मिळेल का? आणि आमचं कॅडचं काम माझा भाचा भोसरीहून करून देतो, ते तसंच चालू ठेवलं तर चालेल ना?

उत्तर: दादा, सर्टिफिकेट मिळेल, पण भाच्याचं काम चालणार नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी सर्टिफिकेट. जेसीपी म्हणजे जॉइंट सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, मिलिटरीची कंट्रोल्ड ड्रॉइंग्ज बघायला कंपनीला पात्र ठरवणारा. तो अमेरिका आणि कॅनडाने मिळून १९८५ मध्ये सुरू केला, त्याचं ऑफिस मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आहे. फॉर्म एकच, डीडी २३४५, टोरांटोकडचे आपले लोकही तोच भरतात. फी काहीही नाही. त्याआधी सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवर कंपनीचं रजिस्ट्रेशन आणि केज कोड, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख नंबर, लागतो, तेही फुकटच. म्हणजे कन्सल्टंट पैसे घेणार ते फक्त फॉर्म भरायचे, आणि तो तुम्ही एका शांत संध्याकाळी स्वतः बसून भरू शकता. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं, मग रिन्यू करायचं.

फॉर्ममध्ये एक डेटा कस्टोडियन द्यावा लागतो, म्हणजे ड्रॉइंग्ज ज्याच्या ताब्यात राहणार तो माणूस. तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असला की झालं, त्यामुळे तुम्ही स्वतःच होऊ शकता. जन्म सांगलीचा की साताऱ्याचा याने काही अडत नाही. फक्त कंपनी काय बनवते आणि हा डेटा कशाला हवा ते नीट, नेमकं लिहा. "मशिनिंग करतो" एवढंच लिहू नका, कुठल्या मशीनवर कसले पार्ट करता ते सांगा. आणि सर्टिफिकेट आलं म्हणून प्रत्येक ड्रॉइंग आपोआप मिळतं असंही नाही, ज्या ऑफिसचा डेटा आहे ते शेवटी ठरवतं.

आता भाच्याचं. ड्रॉइंगवर डिस्ट्रिब्युशन स्टेटमेंट छापलेलं असतं ते आधी वाचायची सवय लावा. ए असेल तर ते सगळ्यांसाठी खुलं. डी असेल तर फक्त डिफेन्स डिपार्टमेंट आणि त्यांचे अमेरिकन कॉन्ट्रॅक्टर, शिवाय शेजारी एक्स्पोर्ट कंट्रोलची वॉर्निंग असली तर तो कागद देशाबाहेर पाठवणं म्हणजे सरळ एक्स्पोर्ट. भोसरीला ईमेल केला, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, नाहीतर भाच्याने तिकडून तुमच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, सगळं त्यातच येतं. टायटल ब्लॉक कापून नुसती मापं पाठवली तरी डेटा तोच राहतो, आणि त्यावरून बनवलेलं मॉडेलही तसंच धरलं जातं. उद्या भाचा व्हिजिटर व्हिसावर आला आणि शॉपमध्ये बसून स्क्रीनवर बघितलं तरी कायद्याने तो एक्स्पोर्टच होतो. मिलिटरीच्या यादीतला, म्हणजे आयटार या शस्त्रांच्या एक्स्पोर्टच्या नियमांखालचा पार्ट असेल तर जाणूनबुजून केलेल्या एकेका गुन्ह्याला २० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड आहे. घरच्या माणसाला काम द्यायची तुमची इच्छा मला कळते, आपल्याकडे असेच धंदे उभे राहिलेत, म्हणूनच काळजी वाटते. भाच्याला ऑटोचं काम जरूर द्या. डिफेन्सचा फोल्डर मात्र वेगळा ठेवा आणि त्याला तिथला पासवर्ड देऊ नका. प्लेटिंगवाल्याला ड्रॉइंग द्यायच्या आधीसुद्धा तो जेसीपीवाला आहे का विचारा.

अजून दोन खर्च धरून ठेवा. पार्ट आयटारच्या यादीत बसत असेल तर स्टेट डिपार्टमेंटकडे रजिस्ट्रेशन लागतं, एक्स्पोर्ट करत नसलात तरी, आणि २०२५ पासून त्याची फी वर्षाला किमान ३,००० डॉलर आहे. दुसरं म्हणजे सायबर सिक्युरिटी. निस्ट ८००-१७१ या सरकारी नियमावलीत ११० अटी आहेत, तुम्हीच स्वतःला मार्क द्यायचे, ११० वरून वजा करत जायचं, अगदी उणे २०३ पर्यंत जाऊ शकतं. १० नोव्हेंबर २०२५ पासून सीएमएमसी, म्हणजे कंपनीची सायबर सिक्युरिटी तपासायची डिफेन्सची पद्धत, कॉन्ट्रॅक्टमध्ये यायला लागलीय. खरा पैसा आणि वेळ इथे जातो, कन्सल्टंटला द्यायचेच असतील तर यासाठी द्या.

प्रश्न: मी मिशिगनमध्ये क्वालिटी इंजिनियर आहे, एच-वन-बीवर. कंपनीला डिफेन्सचं काम मिळाल्यापासून मला त्या मीटिंगांना बोलवत नाहीत, फाइलींचा ॲक्सेसही काढला. इतकी वर्षं काम करून आता संशय घेतात याचं फार वाईट वाटतं.

उत्तर: ताई, वाईट वाटणारच. पण नियम तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल काही म्हणत नाही, तो फक्त स्टेटस बघतो, ग्रीन कार्ड आलं की दुसऱ्या दिवशीपासून हीच फाइल तुम्हाला उघडता येईल. तुमच्या व्हिसाच्या आय-१२९ फॉर्मच्या सहाव्या भागात कंपनीने सही करून लिहून दिलेलं असतं की तुम्हाला कंट्रोल्ड टेक्नॉलॉजी दाखवायला लायसन्स लागतं की नाही, आणि लागत असेल तर ते मिळेपर्यंत दाखवणार नाही. तेव्हा मॅनेजरने तुम्हाला लांब ठेवलं त्यात त्याने नियमच पाळलाय. तुम्ही एचआरला विचारा की माझ्यासाठी लायसन्सचा अर्ज कराल का. आयटारच्या कामाला त्यासाठी डीएसपी-५ नावाचा लायसन्सचा फॉर्म असतो. वेळ लागतो आणि कंपनीला कागदपत्रं करावी लागतात, पण मागितल्याशिवाय कोणी स्वतःहून करत नाही. आणि ग्रीन कार्ड झाल्यावरही कोणी "फक्त सिटिझन चालतील" म्हणून अडवलं, तर त्याला एवढंच विचारा की कुठल्या कायद्यात किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहिलंय, कारण आयटार ग्रीन कार्डवाल्यांना सिटिझनसारखंच धरतो.