एम.२ स्लॉट मोजू नका, लेन बघा

पीसी जोडायला सुटे भाग घ्यायला मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जायच्या आधी मदरबोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड करून वाचा. खोक्यावर ‘३ एम.२ स्लॉट’ (पट्टीसारखी एसएसडी बसवायच्या खाचा) छापलेलं असतं, पण तिन्ही सारखे असतीलच असं नाही. सहसा निदान एक थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बाकीचे सहसा चिपसेटमार्फत, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमार्फत, जातात आणि तिथली वाट यूएसबी, साटा (हार्ड डिस्कची जोडणी), लॅन या सगळ्यांत वाटली जाते. विंडोजची एसएसडी थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्येच लावा. स्लॉटपुढे ‘पीसीआयई ४.० एक्स४’ लिहिलंय ना, ते तपासा; पीसीआयई ४.० (जेन ४) ही जोडणीची पिढी आणि एक्स४ म्हणजे डेटा जायच्या चार लेन. त्यावर सेकंदाला साधारण ७,००० एमबी मिळतात, एक्स२ असेल तर निम्मेच.

तळटीपा जरूर वाचा. काही बोर्डांवर ठरावीक स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि माणूस चांगली हार्ड डिस्क बिघडली समजून बदलायला जातो. एलजीए १७०० (इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डावर जेन ५, म्हणजे पीसीआयई ५.०, एम.२ स्लॉट वापरला तर ग्राफिक्स कार्ड एक्स१६ वरून एक्स८ वर येतं. पहिल्या पीसीला जेन ५ नकोच. ते पैसे २ टीबीच्या जेन ४ एसएसडीमध्ये घाला.

एसएसडीवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) मात्र हवाच. मे महिन्यात मुंबईत, एसी नसलेल्या खोलीत, मोठी फाइल कॉपी करताना एसएसडी तापते आणि स्वतःचा वेग उतरवते. बसवताना हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म आठवणीने सोला.