‘पानी निघत न्हाय’

प्रश्न : तासगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. आठवीत बेचाळीस मुलं, बोलतात पाच-सहाच. एक मुलगी तर तोंडच उघडत नाही. वही चोख, पेपर उत्तम, पण उभं केलं की मान खाली. बोलणाऱ्याला जादा गुण ठेवले, चिठ्ठ्या टाकून नावं काढली, तिच्या आईला बोलावून समजावलं. जूनमध्ये एकदाच आपणहून बोलली होती. द्राक्षाचा बेदाणा कसा होतो विचारलं तर म्हणाली, ‘डिपिंग केल्याबिगर पानी निघत न्हाय.’ मी शब्द सुधारून दिले आणि धडा पुढे नेला. तिचा लाजरेपणा कसा घालवू?

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि जूनची ती ओळ चारदा. लाजरी मुलगी शाळा सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात आपणहून बोलत नसते.

आणि ती काय बोलली, ते तरी कळलं का तुम्हाला? द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. तो आतलं पाणी सहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून बेदाण्याच्या शेडवर आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढतात, मग जाळीवर पसरतात. तुम्हाला ‘बाष्पीभवन’ एवढा एक शब्द हवा होता. पोरीनं ते कशानं अडतं हेही सांगून टाकलं. तुम्ही तिच्या ‘न’चा ‘ण’ केलात.

वर्ग हसला असणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हसला असणार.

मी माण तालुक्यातनं साताऱ्याला शिकायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘म्या केलं न्हाई’ म्हणाले. पोरं बाकं वाजवून हसली. सर हसू दाबत फळ्याकडे वळले. पुढची दोन वर्षं मी ‘मी’ हा शब्दच लावला नाही. ‘गृहपाठ झालाय’, ‘वही घरी राहिली’, ‘उत्तर येत नाही’. मराठीत असे फार दिवस काढता येतात. प्रगतिपुस्तकात शेरा मिळाला : अबोल. त्या सरांची पाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा गुण बंद, चिठ्ठ्या बंद. आणि आईला बोलावणं? दिवसाचा रोज बुडवून आलेली ती बाई तुमच्यासमोर ‘न्हाय’ म्हणाली असेल, तेव्हा काय केलंत?

प्रमाणभाषा शिकवू नका असं म्हणत नाही मी. वहीत लाल पेन खुशाल चालवा. तोंडातून निघत असलेल्या वाक्यावर नको.

उद्या तासाला गेलात की तिचं वाक्य फळ्यावर लिहा, ‘पानी’ आणि ‘न्हाय’सकट. सांगा की जूनमध्ये हे उत्तर मिळालं होतं, मी नीट ऐकलं नाही, चूक माझी. नाव घेऊ नका, तिला उभं करू नका. वाक्य कुणाचं ते वर्गाला ठाऊक आहे. मग विचारा, पाणी का निघत नाही? आणि गप्प राहा.

हे गप्प राहणंच तुम्हाला जड जाईल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गातल्या तासांच्या टेप ऐकून मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबू लागले, तशी उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तुम्ही मनात दहा मोजा. पंख्याची घरघर ऐका. पहिल्या दिवशी तिच्या शेजारचीच बोलेल कदाचित. बोलू द्या, आणि परवा पुन्हा थांबा.

ती बोलली की ‘शाब्बास’ म्हणून विषय मिटवू नका. लगेच पुढचं विचारा, ‘आणि घड जास्त वेळ बुडून राहिला तर गं?’ उत्तर मलाही कळवा. तिच्याच शब्दांत.