वाड्यातला झोपाळा टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या वाड्याची गेल्या वर्षी वाटणी झाली. माझ्या वाट्याला सागवानी झोपाळा, आरशाचे कपाट, तांब्याचा बंब आणि सासूबाईंचे सहा पाट आले. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलाने आणि सुनेने पांढऱ्या भिंती, करडा सोफा, मॉड्युलर स्वयंपाकघर असे सारे नव्या पद्धतीचे केले आहे. सून म्हणते, ‘आई, हे सगळे आणले तर घराचे संग्रहालय होईल.’ तिचे चुकते असे मला वाटत नाही. पण या वस्तू मोडीत घालण्यास मन धजत नाही. काय करावे?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : ताई, तुमच्या सूनबाईंची भीती खरी आहे आणि तुमची ओढही खरी आहे. दोन्ही सांभाळायचे तर प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा : या घरात हिला रोजचे कोणते काम मिळणार आहे? ज्या वस्तूला काम मिळते ती घराची होते, आणि जिला केवळ जागा मिळते तिच्यावर धूळ बसते. शैली जुळते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

झोपाळ्यापासून सुरुवात करू, कारण मन सर्वांत जास्त तिथेच गुंतते. वाड्यात झोपाळा तुळईला टांगलेला असे आणि तुळई त्या भारासाठीच घातलेली असे. फ्लॅटच्या स्लॅबचे तसे नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन इंच जाडीच्या सागवानी फळीचेच वजन पस्तीस किलोंच्या आसपास भरते. त्यावर दोन मोठी माणसे बसली आणि झोका घेऊ लागली की कड्यांवरचा भार नुसते बसले असतानापेक्षा वाढतो. म्हणून फॉल्स सीलिंगला किंवा नुसत्या स्लॅबमध्ये ठोकलेल्या हुकाला झोपाळा कदापि टांगू नये. तो बीमलाच टांगावा, आणि केमिकल अँकर (काँक्रीटमध्ये रासायनिक चिकटद्रव्याने पक्के केलेले बोल्ट) कुठे व किती खोल बसवायचे हे इमारतीचे नकाशे पाहणाऱ्या इंजिनिअरकडून लिहून घ्यावे. शिवाय झोक्याला पुढे आणि मागे किमान तीन-तीन फूट मोकळी जागा हवी. दहा-बारा फुटांच्या हॉलमध्ये सोफाही असेल, तर झोपाळा टांगला जाईल, पण झुलणार नाही.

तुमच्या पत्रावरून हॉल लहान दिसतो. तसे असल्यास फळी टांगण्याचा हट्ट सोडावा, मात्र फळी सोडू नये. चौकोनी लोखंडी पाइपची, काळ्या मॅट रंगाची, सोळा इंच उंचीची साधी चौकट करून घ्यावी आणि त्यावर फळी खिडकीलगत ठेवावी. वर्तमानपत्र वाचायला, भाजी निवडायला, पाहुणा आला की सरकून जागा द्यायला ती रोज उपयोगी पडेल. फळीला नवी भोके पाडू नयेत आणि चार कोपऱ्यांतल्या लोखंडी कड्याही काढू नयेत. निपाणीच्या आमच्या घरातील फळी अशी उतरवली तेव्हा मी ती प्रथमच उलटी करून पाहिली. वरची बाजू चार पिढ्यांच्या बसण्याने काचेसारखी गुळगुळीत झालेली होती, आणि खालच्या बाजूला मात्र सुताराच्या वाकसाचे घाव जसेच्या तसे होते. ती बाजू मी घासू दिली नाही. तुम्हीही देऊ नये. झोपाळा टांगायच्या मोर-हत्तींच्या पितळी कड्या असतील तर त्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. पुढे नातवंडांचे घर ऐसपैस झाले तर फळी पुन्हा टांगता येईल.

करड्या सोफ्याशी सागवानाचे जमते, एवढेच की करडा रंग निळसर नसावा. तो निळसर असेल तर गुळेदगुड्डच्या खणाचे दोन अभ्रे घातल्याने मधला दुवा मिळतो. खणाचा पन्हा लहान असतो. तो उशीला पुरतो, सोफ्याच्या खोळीच्या वाटेला जाऊ नये. याउलट एक गोष्ट मी आग्रहाने टाळायला सांगेन : जुन्या सागवानाशेजारी लाकडाचा आभास देणारे सनमायका कधीही लावू नये. खरे लाकूड शेजारी असताना नकली रेषा उघडी पडते, आणि खरेही फिके वाटू लागते. नवे फर्निचर नवेच दिसू द्यावे. पांढरे, रंगवलेले लोखंड, काच, वेत यांपैकी काहीही चालेल. दिवे मात्र बदलावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात सागवान राखेच्या रंगाचे दिसते. २७०० ते ३००० केल्विनच्या उजेडात त्याचा मधासारखा रंग परत येतो.

आरशाचे कपाट हॉलमध्ये नको. ते तुमच्या खोलीत ठेवावे आणि त्यात साड्या ठेवाव्यात. त्याला पांढरा रंग देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. आधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. अशा पॉलिशवर, सगळे खरवडून न काढता, जाणकार पॉलिशवाला नवा हात देऊ शकतो, आणि कपाटाचे वय चेहऱ्यावर तसेच राहते.

बंबाबद्दल थोडक्यात सांगते. त्यात थेट माती भरू नये. आत प्लास्टिकची कुंडी ठेवून गॅलरीत झाड लावावे. पाट भिंतीवर टांगलेले मला स्वतःला पाहवत नाहीत. दिवाळीच्या अभ्यंगाला आणि गणपतीच्या पंगतीला पाट लागतात. दोन हाताशी ठेवावेत आणि चार दीर-जावांना विचारून वाटून द्यावेत.

प्रश्न : आमचे घर जांभ्या दगडाचे आणि कौलारू आहे. मुलांना घर आतून आधुनिक हवे आहे. गवंड्याचे म्हणणे असे की भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट द्यावा आणि आत पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) छत करावे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या भागातील पावसाचा विचार करता मी याला स्पष्ट नकार देईन. जांभा सच्छिद्र असतो. चार महिन्यांच्या पावसात तो पाणी शोषतो आणि उघडीप मिळाली की ते बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी त्याला हे करू देतात. सिमेंट आणि ऑइल पेंट लावला की ही वाट बंद होते. ओल आतच कोंडते, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, आणि मग दोष दगडाला दिला जातो. चुना लावावा. शुभ्र चुन्याच्या भिंतीइतकी आधुनिक दिसणारी दुसरी भिंत माझ्या पाहण्यात नाही, आणि मुलांना जो मोकळेपणा हवा आहे तो तिच्यातच आहे.

घरात अंधार वाटत असेल तर तो पीओपीने जात नाही, उलट छत खाली येऊन वाढतो. त्यापेक्षा उत्तरेच्या उतारावर दोन-तीन काचेची कौले बसवावीत. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरूला कारखाना काढल्यापासून पसरलेल्या मंगळुरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक थोड्या निराळ्या असतात. म्हणून दुकानात जाताना घरचे एक जुने कौल काखेत घेऊनच जावे. नुसते माप सांगून आणलेले काचेचे कौल नीट बसत नाही आणि तिथूनच गळती सुरू होते.

स्वयंपाकघर मॉड्युलर करण्यास हरकत नाही. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, तेव्हा भिंतीवर टांगायची कपाटे टाळून जमिनीवर उभी राहणारी घ्यावीत आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवावे. कोनाडे मात्र बुजवू नयेत. त्यांत एकेक दिवा घातला की वेगळ्या शेल्फची गरज उरत नाही. वायरिंगसाठी दगड फोडण्याऐवजी ती पाइपमधून भिंतीवरून उघडीच न्यावी. सरळ रेषेत नेलेली काळी पाइप चुन्याच्या भिंतीवर शोभते.

प्रश्न : बाजारातून जुनी आरामखुर्ची आणली. तिच्याखाली रोज पिवळसर भुकटी पडते. वाळवी आहे का? खुर्ची नव्या फर्निचरजवळ ठेवावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वाळवी मातीच्या नळ्या करत येते. बारीक गोल छिद्रे आणि पिठासारखी भुकटी असेल तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे काम आहे. खुर्ची आजच बाकीच्या लाकडापासून दूर, गॅलरीत न्यावी. सागवानाचा गाभा सहसा पोखरला जात नाही, पण गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड पोखरले जाते. म्हणून छिद्रे फिकट पट्ट्यातच आहेत का ते पाहावे. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून प्रत्येक छिद्रात सुईने औषध भरून घ्यावे, आणि त्यानंतर खाली काळा कागद पसरून महिनाभर लक्ष ठेवावे. कागदावर नवी भुकटी पडली नाही तरच छिद्रे मेणाने बुजवावीत आणि खुर्ची आत घ्यावी.