शाळेत गणित-विज्ञान शिकवताना संगणकाचा खरंच उपयोग होतो का? सुरुवात कशाने करावी?

होतो, पण पुस्तकाचीच पानं पडद्यावर दाखवणार असाल तर फळा बरा. गणितासाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर घ्या. 2001 पासूनचं, शाळांना मोफत. त्रिकोण काढून एक शिरोबिंदू माउसने ओढायला लावा. तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच. कधी पडद्यावरचे आकडे मिळवले तर 180.01 भरतात आणि वर्गात एकच गलका! खुशाल होऊ द्या. दशांश स्थळं वाढवून दाखवा, आसन्न (जवळपासची) किंमत म्हणजे काय ते तिथेच कळतं.

विज्ञानासाठी कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, बघा. बरीच मराठीतही आहेत, डाउनलोड केली की नेट नसलं तरी चालतात. सेल-बल्बचा प्रयोग मात्र आधी हातानेच. अणू-रेणूंसारखं डोळ्यांना न दिसणारं ते संगणकावर. आणि माउस मुलांच्या हातात द्या, सरांच्या नको.