रूट कॅनलची भीती आणि डावा हात

"मॅडम, दुखण्याचं मला काही नाही, दोन बाळंतपणं काढलीयेत मी, पण त्या खुर्चीत आडवं व्हायचं म्हटलं की हातपाय गार पडतात."

ही ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) माझ्याकडे आली होती खरं तर झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं की झोप उडवणारी दाढ होती, रात्री पाठ टेकली की ठणका सुरू, डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलेलं आणि हिने चार महिने टाळलेलं. त्यात मधे ठणका आपोआप थांबला, तेव्हा हिला वाटलं झालं, सुटलो.

हे मी बऱ्याच जणांकडून ऐकते म्हणून इथे जरा नीट सांगते. दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नसतं, बरेचदा आतली नस मेलेली असते आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकाशी हळूहळू चालूच राहतं. नुसत्या अँटिबायोटिकनेही ते जात नाही, कारण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही तर औषध तिथे पोचणार कसं? आणि चेहऱ्यावर सूज पसरायला लागली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर भीती वगैरे नंतर बघू, आधी हॉस्पिटल गाठायचं.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. सात-आठ वर्षांची असताना दात काढायला नेलेलं, दोघांनी हात धरून ठेवलेले, ती ओरडत होती आणि कोणी थांबलं नाही. म्हणजे भीती सुईची नव्हतीच, आपण "थांबा" म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही याची होती.

मग आम्ही आत काय काय होतं ते ओळीने बोललो. आधी एक्सरे, मग हिरडीत इंजेक्शन. भूल चढल्यावरही दाब कळतो, ड्रिलचा आवाज येतो, कंप जाणवतो, पण कळ यायला नको, आली तर सांगायचं, अजून भूल देता येते. सुजलेल्या नसेला, त्यातही खालच्या दाढेला, पहिलं इंजेक्शन कधी कधी पुरत नाही, यात पेशंटचं काही चुकलेलं नसतं हे तिला मी दोनदा सांगितलं. मग दाताभोवती रबरी पडदा लावतात म्हणजे औषध घशात जात नाही, वरून छिद्र करून बारीक फाईलनी मुळांच्या नळ्या साफ करतात, धुतात आणि शेवटी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. पुढच्या दाताला बहुतेक एकच नळी, दाढेला तीन-चार, त्यामुळे दाढेला वेळ जातो, काही वेळा एकाच सिटिंगमध्ये होतं, काही वेळा दोन-तीन लागतात. नंतर थोडे दिवस चावताना ठुसठुसतं, ते रोज कमी व्हायला हवं, वाढत गेलं तर डॉक्टरांना कळवायचं.

पण तोंडात एवढं सगळं असताना "थांबा" म्हणायचं कसं? तिने तिथेच कागदावर लिहिलं, "मला खूप भीती वाटते. काय करताय ते आधी सांगा. डावा हात वर केला की थांबा." हा कागद खुर्चीत बसायच्या आधी द्यायचा असं ठरलं. मी तिला एवढंच म्हटलं की कागद वाचून कोणी हसलं तर सरळ उठून यायचं, दुसरे डॉक्टर शोधू.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्या सिटिंगमध्ये एकदाच हात वर केला म्हणाली, दुखत होतं म्हणून नाही, खरंच थांबतात का ते बघायला. लगेच थांबले. मग पुढचा तासभर हात पोटावरच होता.

आता दाढेवर कॅप बसवायचं राहिलंय. ते टाळू नकोस म्हटलं तिला, आतून पोखरलेली दाढ चावताना तडकू शकते, तर म्हणाली तारीख घेऊन झालीये, आणि या वेळी कागद नेणार नाहीये.