जुन्या गाडीतलं कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही दिसत नाही. हेड उघडावं का?

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आत्ता उघडू देऊ नका.

पंधरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोजची डोंबिवली-अंधेरी फेरी, दोन-तीन आठवड्यांत बाटलीतलं कूलंट मॅक्सच्या रेघेवरून मिनवर, खाली डाग नाही, तापमानाचा काटा मध्यावर, आणि गॅरेजवाला म्हणतोय हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) गेलं. तुम्ही लिहिलेल्या एवढ्या माहितीवर हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. गॅस्केट गेलेलं असेलही. पण ते तपासायला फारसा खर्च येत नाही, हेड उघडायला येतो. त्यामुळे आधी तपासणी करून मागा.

खाली थेंब नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. बारीक गळतीतलं कूलंट तापलेल्या इंजिनावर पडून जमिनीवर येण्याआधीच उडून जातं. मागे पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची खपली राहते, ती शोधायची. मुंबईत एसी बाराही महिने चालतो आणि त्याचं पाणी गाडीखाली ठिबकतं, त्यामुळे खरी गळती दिसली तरी आपण ती एसीच्या नावावर खपवतो. बोट लावून बघा. एसीचं पाणी साधं असतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि त्याला रंग असतो. चाखू नका, ते विषारी आहे. सध्या पावसाने जमीन ओली असेल तर एक रात्र गाडी कोरड्या जागी लावून इंजिनाखाली पुठ्ठा सरकवा.

माझा पहिला संशय रेडिएटरच्या कॅपवर आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण त्यावर एका बारचा जादा दाब ठेवला की साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हा दाब कॅप धरून ठेवते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो त्याच दाबाचा. कुकरच्या रिंगेसारखं तिचं रबर कडक झालं की दाब लवकर सुटतो, कूलंट बाटलीत जातं आणि बाटली भरली की ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. आपल्या लक्षातही येत नाही, कारण हे घोडबंदरच्या नाहीतर हायवेच्या ट्रॅफिकमध्ये घडतं, पार्किंगमध्ये नाही. शिवाय कॅपमध्ये दुसरी, उलट्या दिशेची झडपही असते. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट तिच्यातूनच परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा असतो. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना कॅप उघडून कूलंट काठापर्यंत आहे का ते बघा. गरम असताना कॅपला हात लावू नका, चेहरा भाजतो. नवी कॅप त्याच आकड्याची, कंपनीचीच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं, नकलीसुद्धा.

कॅप बदलूनही पातळी उतरली तर प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी हातपंप बसवून कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा उतरतो का ते निदान पंधरा-वीस मिनिटं बघायचं. ही टेस्ट गार इंजिनावरच करायला सांगा, कारण काही क्लॅम्प गार असताना झिरपतात आणि धातू तापून फुगला की बंद होतात. काटा उतरला तर टॉर्च घेऊन रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे जुळतात ती कड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि गिअरबॉक्सच्या बाजूचे कोअर प्लग (इंजिनातली भोकं बंद करणारी धातूची बुचं) बघायचे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर हे प्लग आतून गंजतात.

हीटर मात्र आपल्याकडे सगळेच विसरतात. मुंबईत तो कोणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांमध्ये गरम कूलंट त्यातून सतत फिरत असतं आणि त्याचे रबरी पाइप पंधरा वर्षांत चिरतात. पुढच्या सीटसमोरची मॅटिंग उचलून खाली हात लावा, ओल लागते का बघा. पावसाळ्यात काच धुरकटते ती सगळ्यांचीच, पण आतून पुसल्यावर तेलकट पापुद्रा राहिला आणि एसीतून गोडसर वास आला तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

एवढं सगळं कोरडं निघालं तरच गॅस्केटकडे वळा. रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होस (रबरी पाइप) सकाळीही दाबाने टणक लागत असेल, किंवा इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर संशय बळकट होतो. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका, दमट हवेत आणि छोट्या फेऱ्यांनी तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका. खात्रीसाठी निळ्या द्रवाची केमिकल टेस्ट असते. रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढतात. पेट्रोल गाडीत जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पिवळा होतो.

कोणी रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकायला सांगेल. टाकू नका. गळती काही दिवस थांबते, पण हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात आणि मग गाडी खरोखर तापायला लागते.

तोवर रोज सकाळी पातळी बघा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट जवळ ठेवा आणि कसारा किंवा खंडाळा घाटात गाडी नेऊ नका. काटा चढला तर एसी बंद करून हीटर आणि पंखा पूर्ण सोडा, बाजूला थांबा, इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आणि केमिकल टेस्ट पॉझिटिव्ह आलीच तर नुसतं गॅस्केट बदलून घेऊ नका. हेड मशीन शॉपला पाठवून सपाट आहे का ते तपासायला आणि वाकलं असेल तर फेसिंग करायला, म्हणजे घासून सपाट करायला, सांगा.