ग्रॅनाइट-क्वार्ट्झ कापणाऱ्या कामगारांना एन९५ मास्क पुरतो का?

मास्कचं सांगतो, पण शेवटी. तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर्कशॉपमध्ये कटिंग कोरडंच चालतं, पाण्याची भानगड परवडत नाही आणि चांगला मास्क दिला की झालं ना. हे इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही.

मी जिथे सुपरवायझर होतो तिथला मालक अगदी हेच बोलायचा. मास्कचे खोके कपाटात, तपासणीला कोणी आलं की वाटायचे. ग्राइंडरला पाण्याची नळी लावू म्हटलं की कारणं तयार, चिखल होतो, काम स्लो होतं आणि दगडावरच्या पेन्सिलच्या खुणा पुसल्या जातात. खुणांचं कारण तर आजही माझ्या डोक्यात जातं. अहो मेणाच्या खडूने आखा ना, आमच्याच एका पोराने ते करून दाखवलं होतं, सिंकच्या कटआउटची रेघ शेवटपर्यंत जशीच्या तशी. पण मालकाला कारण हवं होतं, उपाय नको होता. संध्याकाळी तर कहरच, सगळे कॉम्प्रेसरची हवा मारून एकमेकांचे कपडे झटकायचे आणि मास्क तेव्हा गळ्यात, कारण काम संपलं! मास्क काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना राखाडी रेघा, म्हणजे धूळ कुठून आत जातेय ते रोज समोर दिसत होतं.

एज पॉलिश करणारा एक जण होता, पस्तिशीचाही नसेल. जिना चढताना मधेच वाकून बुटाची लेस बांधत बसायचा, लेस सुटलेली नसायची. कित्येक महिने टीबीची औषधं खाल्ली, फरक शून्य. मग दुसऱ्या डॉक्टरने आधी हेच विचारलं की काम काय करता, आणि निघाला सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा फुप्फुसाचा आजार. मालक म्हणाला, तो सिगारेट ओढायचा, त्याने झालं. सिगारेटने फुप्फुसाची वाट लागते हे खरं, पण सिलिकोसिस होत नाही, त्याला सिलिकाच लागते. यावरून आमचं चांगलंच वाजलं आणि मी ती नोकरी सोडली.

तर मुद्दा असा की जी धूळ दिसते ती त्यातल्या त्यात बरी, नाकात-घशात अडकते. खरी मारते ती बारीक, दिसतही नाही. खोल जाऊन बसली की तिथे व्रण होत जातात आणि काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो, बरं करणारं औषध नाही. वर टीबी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. त्यात कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली.

आता हिशोब बघा. अमेरिकेतली सिलिकाच्या धुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. एन९५ अगदी नीट बसला तरी धूळ दहावा हिस्सा होईल एवढाच भरवसा धरतात, आणि बंद शेडमधलं कोरडं कटिंग त्या मर्यादेच्या दहापटीपुढे सहज जाऊ शकतं. मग मास्क काय करणार? आधी पाणी, ते शक्यच नसेल तिथे ब्लेडला कव्हर लावून धूळ ओढणारा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम. कॉम्प्रेसरची हवा आणि कोरडा झाडू आजपासून बंद. पाणी परवडत नाही हे मला पटत नाही, स्पष्ट सांगतो.

हां, पाणी म्हटलं म्हणून साध्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर बादली ओतू नका, शॉक लागून माणूस जाईल. पाण्यासाठीच बनवलेलं किंवा हवेवर चालणारं मशीन घ्या. चिखल ओला असतानाच उचला, वाळला की परत तीच धूळ. आणि पाणी लावलं तरी बारीक तुषारांतून थोडी सिलिका उडतेच, तेव्हा मास्क हवाच, फिट टेस्ट करून, म्हणजे चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तपासून, आणि दाढी काढून. दाढी काढायची नसेल तर पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा, सैल हुडवाला घ्यावा लागेल.

आणि माणूस कामावर घेतानाच छातीचा एक्सरे आणि फुप्फुसाची ताकद बघणारी फुंकायची टेस्ट करून घ्या, पुढेही ठरावीक काळाने करत राहा, कागदाची एक कॉपी त्याच्या हातात द्या. आमच्या त्या पॉलिशवाल्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून तर सिगारेटचं खपून गेलं.